तक्रार घ्यायचं ट्रेनिंग: लेक्चर की रोलप्ले?
नाशिकच्या एक पीएसआय मॅडम विचारत होत्या, लैंगिक अत्याचाराची तक्रार कशी घ्यायची हे स्टाफला लेक्चरने शिकवू का रोलप्लेने. खर्चात लेक्चर स्वस्त, एका दुपारी अख्खा हॉल उरकतो, आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवीन कायदा) कलम १७३ प्रमाणे तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, हद्द आपली नसली तरी झिरो एफआयआर, कलम १८४ प्रमाणे बलात्काराच्या तक्रारीत मेडिकलला २४ तासांत पाठवायचं, हे सांगायला तेवढं पुरतं. पण टिकत नाही हो! "एवढ्या रात्री तिकडे कशाला गेलीस?" हे तोंडातून निघतंच, रोलप्लेत तक्रारदार बनलेली समोरची सहकारी एकदम गप्प झाली की मग खटकतं. वेळ जातो, बॅच छोटीच लागते, साहेब लोक कुरकुरणार (ते कशालाही कुरकुरतात). नवीन कायदा समजवायला लेक्चर चालेल, ठाणे अंमलदार (पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला बसतात ते) आणि महिला हेल्प डेस्कला मात्र रोलप्लेच द्या.