जुना लॅपटॉप: नवी बॅटरी घ्यावी की नुसत्या चार्जरवर चालवावा?

चार्जर काढला की लॅपटॉप पाच मिनिटांत बंद पडतो? आधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता त्यात मिलिवॉट-तासांत दिसते. ४८,००० ची १५,००० झाली असेल, तर बॅटरी संपत आली.

चार्जरवरच चालवायचे तर खर्च शून्य, आणि टेबलावरचे काम भागते. पण वीज गेली किंवा पिन जरा हलली की सेव्ह न केलेले काम गेलेच. यूपीएस लावून वीज जाण्याचा प्रश्न सुटतो, पिनेचा नाही. शिवाय काही मॉडेल बॅटरी काढली की मुद्दाम हळू चालतात.

लॅपटॉप रोज बाहेर नेत असाल, तर मी नवी बॅटरीच सुचवेन. मात्र नुसते मॉडेलचे नाव सांगून घेऊ नका. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. उत्पादनाची तारीख विचाराच, कारण लिथियम-आयन बॅटरी दुकानात पडून राहिली तरी क्षीण होते.

टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. मग चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबू किंवा टोचू नका, जाणकाराकडून काढून घ्या आणि ई-कचरा केंद्रात द्या.