थोडीच वापरलेली ऑफ-रोड मोटरसायकल पुण्यात कशी विकावी: एक्स्चेंज, दुकान की थेट ग्राहक

एखाद-दोन पावसाळे पाहिलेली, फारशी न चाललेली ऑफ-रोड मोटरसायकल विकायची ठरली की पुण्यात तीन वाटा समोर येतात: नवी गाडी घेताना जुनी शोरूमला देणे, जुन्या गाड्यांच्या दुकानात ती विकणे किंवा कमिशनवर ठेवणे, आणि स्वतः जाहिरात देऊन थेट ग्राहक शोधणे. ऑफिसला नेण्या-आणण्याच्या साध्या मोटरसायकलसाठी या तिन्हींतला फरक मुख्यतः ‘जास्त पैसे की कमी कटकट’ एवढाच असतो. ऑफ-रोड गाडीची किंमत मात्र ती कुठे आणि कशी चालवली गेली यावर ठरते, आणि समोरच्या माणसाला ते ओळखता येते की नाही, यावर आपल्या हाती किती पडते हे ठरते. त्यामुळे वाट निवडताना आपल्या घाईपेक्षा गाडीच्या जातीचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

कोणाशीही बोलण्यापूर्वी एक पायाभूत आकडा हाताशी असावा. विमा पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) म्हणून जी रक्कम छापलेली असते, तिच्यासाठी घसाऱ्याचे ठरलेले कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50. हा घसारा त्या मॉडेलच्या चालू एक्स-शोरूम किमतीवर धरला जातो. आज 2,00,000 रुपये एक्स-शोरूम किंमत असलेली गाडी दीड वर्षाची असेल, तर हा आकडा 1,60,000 येतो. बाजारभाव याच्या खालीही असू शकतो आणि वरही, पण बोलणीला सुरुवात करायला हा आकडा पुरेसा तटस्थ आहे.

‘चालू’ किंमत या शब्दाकडे सध्या विशेष लक्ष द्यायला हवे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांवर 28 टक्के अधिक 3 टक्के उपकर होता त्या जागी 40 टक्के कर आला. कंपनीने पूर्ण फरक ग्राहकापर्यंत पोहोचवला असे धरले, तर पहिल्या गटातील नवी गाडी सुमारे 7.8 टक्क्यांनी स्वस्त आणि दुसऱ्या गटातील सुमारे 6.9 टक्क्यांनी महाग होते. त्यामुळे 199.6 सीसीची हीरो एक्सपल्स 200 जुन्या कराने विकत घेतलेल्या माणसाने आपल्या बिलाची रक्कम विसरलेली बरी. ग्राहक आजची किंमत मोबाइलवर पाहूनच येतो. उलट 452 सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 च्या मालकाला हाच बदल अनुकूल आहे, आणि त्याने तो बोलणीत अवश्य पुढे करावा.

एक्स्चेंज

एक्स्चेंजचा मोठा गुण कागदपत्रांचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदली गेली की तो त्या गाडीचा मानीव (कायद्याने मानलेला) मालक ठरतो आणि पुढील जबाबदारी त्याच्याकडे जाते. चाचणी, प्रदर्शन किंवा दुरुस्ती यांखेरीज त्याला ती गाडी रस्त्यावर वापरताही येत नाही. ज्यांना पुण्याबाहेर बदली झाल्यामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे गाडीमागे वेळ घालवणे शक्य नाही, त्यांच्यासाठी हे संरक्षण मोलाचे आहे. फक्त ती सूचना प्रत्यक्षात नोंदली गेल्याची प्रत हातात घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

दोष किमतीत आहे, आणि तो ऑफ-रोड गाडीला अधिक बोचतो. शोरूममधला तपासनीस गाडी पाहतो ती एका ठरावीक यादीप्रमाणे. इंजिनाखालच्या बॅश प्लेटवर पोचा दिसला की तो अपघाताची खूण समजून पैसे कापतो. जाणकार ग्राहकाच्या लेखी तोच पोचा म्हणजे दगड प्लेटवर बसला आणि इंजिनाचे आवरण वाचले याचा पुरावा असतो. हँडगार्ड, पुढे-मागे उंच केलेले सस्पेन्शन, पॅनिअरचे (बाजूच्या सामानपेट्यांचे) स्टँड, जाड गोट्यांचे टायर या सगळ्यांना एक्स्चेंजमध्ये जवळजवळ शून्य किंमत मिळते. म्हणून एक्स्चेंजच करायचे असेल तर मूळचे भाग गाडीला परत बसवावेत आणि ही सामग्री वेगळी विकावी. नाना पेठेत एका दुपारी हे भाग काढून-बसवून मिळतात आणि सुट्या सामग्रीला चालकांच्या गटांत गिऱ्हाईकही पटकन मिळते.

दुकानदार आणि कमिशन

हा मधला मार्ग मला स्वतःला सर्वांत कमी पसंत आहे. दुकानदार रोख पैसे देऊन गाडी ताब्यात घेणार असेल, तर भाव एक्स्चेंजच्या आसपासच राहतो आणि नव्या गाडीवरील सवलतही मिळत नाही. कमिशनवर ठेवायची असेल, तर गाडी कित्येक आठवडे उन्हापावसात फुटपाथच्या कडेला उभी राहते, येणारा-जाणारा तिच्यावर एक फेरी मारतो आणि आरसीवर नाव मात्र आपलेच असते. दुकानदाराकडे अधिकारपत्र असेल, तर ही हरकत बऱ्याच अंशी दूर होते. नसेल, तर सह्या केलेले कोरे अर्ज आणि मूळ आरसी त्याच्याकडे ठेवण्याची प्रथा पाळू नये. असे कागद पुढे कोणाच्या हाती जातील, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

थेट विक्री

फारशी न वापरलेली, पण नीट राखलेली एक्सपल्स, हिमालयन किंवा केटीएम 390 अॅडव्हेंचर असेल, तर थेट विक्रीतच तिचे खरे पैसे होतात. पुण्यात ताम्हिणी, पानशेत, मुळशीच्या कच्च्या वाटांवर रविवारी गाड्या घेऊन जाणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि चाकणच्या कारखान्यांमुळे या शहरात यंत्र समजणारा माणूस शोधावा लागत नाही. असा ग्राहक ओडोमीटर शेवटी पाहतो. आधी तो पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर ओरखडे किंवा तेलाची ओल आहे का ते पाहतो, स्पोकवर बोटाने टिचकी मारून सगळ्यांचा आवाज सारखा येतो का ते ऐकतो, चाक फिरवून रिम वाकली आहे का ते तपासतो, हँडल डावी-उजवीकडे सावकाश वळवून मध्यावर अडकते का ते पाहतो आणि सीट काढून एअर फिल्टर बाहेर घ्यायला सांगतो. चिखलपाण्यातून गेलेल्या गाडीच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलेले असू शकते. ती आधीच बदलून बिल दाखवले, तर त्या लहानशा खर्चाच्या कितीतरी पट विश्वास मिळतो. गाडी चकचकीत धुऊन, पॉलिश मारून उभी करण्यापेक्षा सर्व्हिसची बिले तारखेप्रमाणे लावून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. अति स्वच्छ ऑफ-रोड गाडी पाहून जाणकाराला उलट शंकाच येते.

वेळेचाही थोडा विचार करावा. लडाखला जाणारे लोक साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गाडी शोधतात, तर सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीसाठी मागणी मे-जूनमध्ये वाढते. पितृपंधरवड्यात जाहिरात टाकून फोनची वाट पाहण्यात अर्थ नाही. दसरा-दिवाळीला शोरूमच्या एक्स्चेंज सवलती बऱ्या असतात, पण थेट विक्रीला तोच काळ अवघड जातो, कारण ग्राहकाचे मन नव्या गाडीकडे ओढ घेते.

थेट विक्रीतील सर्व जोखीम कागदांत आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 प्रमाणे गाडी राज्यातच विकली, तर विक्रेत्याने 14 दिवसांत हस्तांतराची माहिती आरटीओला द्यायची असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी नमुना 29 व 30 लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना 35, आणि परराज्यात जाणार असेल तर नमुना 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र. ‘नाव तुम्ही सावकाश करून घ्या’ असे म्हणून गाडी देणे म्हणजे धोंडा स्वतःच्या पायावर पाडून घेणे आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असतो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते, मग प्रत्यक्षात गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो. म्हणून ताबापावती लिहावी, तीत तारखेबरोबर वेळही घालावी, दोघांच्या सह्या व ओळखपत्राच्या प्रती जोडाव्यात आणि शक्यतो हस्तांतराचा अर्ज पोर्टलवर भरला गेल्यानंतरच गाडी हलू द्यावी. थकलेली ई-चलने आधी भरून टाकावीत. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल, तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवल्याखेरीज काम पुढे सरकत नाही.

विम्याबाबत दोन गोष्टी विक्रेत्याच्या फायद्याच्या असूनही दुर्लक्षित राहतात. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, म्हणजे दोन वर्षांच्या गाडीबरोबर तीन वर्षांचे संरक्षण ग्राहकाला मिळते. हे जाहिरातीत लिहावे. दुसरे, दावा न केल्याबद्दल मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन ती आपल्या पुढच्या गाडीला लावता येते, आणि ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत असू शकते.

पैसे बँकेतूनच घ्यावेत. एका व्यवहारात 2 लाख किंवा अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही. विसार म्हणून थोडी रक्कम घेतल्याशिवाय जाहिरात उतरवू नये. आपण लष्करात असल्याचे सांगून, गाडी न पाहताच पूर्ण किंमत कबूल करून क्यूआर कोड पाठवणारा माणूस भामटा समजावा, कारण कोड स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत. छावणीच्या या शहरात ही बतावणी सहज खरी वाटते, हेच तिचे बळ आहे. फेरी मारायला देताना परवाना आणि तो आला ती गाडी आपल्याकडे ठेवून घेणे गैर नाही.

आवाज करणारा सायलेन्सर बसवलेला असेल, तर विकण्यापूर्वी मूळचा लावावा. कायद्याने तो फेरफार चालत नाही आणि पुण्याच्या वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली घातलेले सर्वांनी पाहिले आहेत.

नोंदणी नसलेल्या आणि दोन्ही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या

इथे पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या शर्यतीच्या गाड्यांना नोंदणी नसते, त्यामुळे शोरूम त्यांना हात लावत नाही. त्यांचे वय किलोमीटरऐवजी इंजिनाच्या तासांत मोजले जाते, आणि तासमापक व पिस्टन-रिंग बदलल्याची नोंद हाच त्यांचा जन्मदाखला असतो.

दोन्ही चाकांना ताकद देणाऱ्या मोटरसायकली तर त्याहून विरळ. अडचण यंत्राचीच आहे: पुढचे चाक वळते, त्यामुळे ताकद हँडलच्या सांध्यातून खाली न्यावी लागते. अमेरिकेतील रोकॉन ट्रेल-ब्रेकर हे काम साखळ्या, दांडे आणि गिअरपेट्या यांनी करते. तिची पोकळ चाके पाण्यावर तरंगायलाही मदत करतात. क्रिस्टिनीच्या रचनेत फोर्कच्या दोन्ही बाजूंनी फिरणारे दांडे पुढच्या चाकापर्यंत जातात आणि मागचे चाक घसरू लागले तरच पुढचे ओढू लागते. यामाहाने डब्ल्यूआर450एफ वर ओहलिन्सच्या द्रवदाबाच्या यंत्रणेने हाच प्रयोग केला. उरलच्या साइडकार गाडीत मागच्या चाकाबरोबर साइडकारचे चाक ओढते, म्हणून तिची जात वेगळी. मुळशीच्या चिकट चिखलात अशा यंत्राचा उपयोग खरा आहे, पण इथे प्रकारमान्यता (चाचण्यांनंतर मॉडेलला मिळणारी मान्यता) नसलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवता येत नाही. जिच्या टेकडीवर पुणेकर सकाळी फिरायला जातात, ती एआरएआय अशाच मान्यतेच्या चाचण्या करणारी संस्था आहे. म्हणजे ग्राहक उरतात ते शेतघर, खासगी जमीन किंवा साहसी पर्यटनाचे केंद्र असलेले.

अशा गाडीला नमुना 29-30 लागू नाहीत. तिची मालकी मूळ बीजक, सीमाशुल्क भरल्याचा कागद आणि त्यांवरील चासी व इंजिन क्रमांक यांवरच टिकते, आणि ते क्रमांक गाडीवरील कोरीव आकड्यांशी जुळवून दाखवणे ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे. ती ग्राहकाकडे टेंपोतूनच पाठवावी. आयडीव्हीचे कोष्टक इथे कामाचे नाही. नवी मागवायला वाहतूक आणि शुल्कासह किती पडेल तो आकडा काढून, त्यातून सुटे भाग परदेशातून येण्याची अडचण वजा करून भाव सांगावा. जोडीला राखून ठेवलेल्या साखळ्या, सील आणि पट्टे दिले, तर त्या अडचणीपोटी होणारी कपात बरीच कमी होते. जाहिरातीसोबत एकच दृश्यफीत पुरेशी आहे: थंड इंजिन सुरू होताना, आणि मागचे चाक चिखलात फिरत असताना पुढचे चाक गाडी बाहेर ओढताना.