कोअर आय७-२६००के: ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्यात अर्थ आहे, त्यापुढे नाही

इंटेलचा कोअर आय७-२६००के जानेवारी २०११ मध्ये आला. चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), ८ एमबी कॅश, ९५ वॉट. पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला, हात घालणाऱ्यासाठी इतका सोशिक प्रोसेसर क्वचितच मिळेल. चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर आहे, त्यामुळे आतली उष्णता झटकन कूलरपर्यंत पोचते. पुढच्या पिढीतल्या ३७७०के मध्ये सोल्डरच्या जागी पेस्ट आली आणि तापमानाची डोकेदुखी सुरू झाली.

आधी खात्री करा की गेम प्रोसेसरमुळेच अडतोय. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेमरेट जवळपास तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा. उडी मारून वाढला तर ग्राफिक्स कार्ड दमलंय आणि ओव्हरक्लॉकने काहीही हाती लागणार नाही.

फायदा किती, याचा हिशेब सोपा आहे. या चिपचे चारही कोअर कामाला लागले की टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) ३.५ गिगाहर्ट्झवर थांबतो. एखाद्या गेमचा मुख्य थ्रेड एका फ्रेमला २० मिलिसेकंद घेत असेल, तर ४.४ वर तेच काम साधारण १६ मिलिसेकंदांत उरकेल. म्हणजे ५० चे ६२ फ्रेम. ही वरची मर्यादा झाली, कारण रॅमची वाट बघण्यात जाणारा वेळ प्रोसेसरच्या वेगाने कमी होत नाही. पण गर्दीच्या दृश्यात बसणारे झटके कमी होतात, आणि खेळताना तेच जाणवतं. सरासरी फ्रेमरेटपेक्षा सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा बघा.

मदरबोर्ड पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ चिपसेटचाच हवा. एच६१ किंवा एच६७ वर मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वाढवता येत नाही, मग प्रोसेसर के मालिकेतला असला तरी उपयोग नाही. जुना पी६७ बोर्ड घेत असाल तर चिपसेट बी३ आवृत्तीचा आहे ना, ते तपासा. आधीच्या बी२ मध्ये ३ गिगाबिटच्या साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टमध्ये दोष होता, तो जानेवारी २०११ च्या अखेरीस इंटेलनेच जाहीर केला.

डब्यातून येणारा पुश-पिनचा कूलर इथे चालत नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, मधोमध चार-पाच मिलिमीटरचा ठिपका ठेवा आणि स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. टॉवर कूलरची हवा मागे जाते, खाली बोर्डावर येत नाही. त्यामुळे सॉकेटशेजारचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग, तापतात. त्यांच्यावर हीटसिंक नसेल तर ४.२ वरच थांबा. पॉवर सप्लायही प्रोसेसरएवढाच जुना असेल तर आधी तो बदला. लोडखालचा ढासळता व्होल्टेज आणि अस्थिर ओव्हरक्लॉक यांची लक्षणं सारखीच दिसतात.

आता बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग. डेटाचा बॅकअप घ्या, कारण अस्थिर ओव्हरक्लॉक विंडोजच्या फाइल बिघडवू शकतो. बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणणारा सीमॉस रीसेटचा जंपर बोर्डावर कुठे आहे, तेही आधीच बघून ठेवा. बेस क्लॉक १०० वरच राहू द्या. पीसीआय एक्सप्रेस आणि साटा त्यालाच जोडलेले आहेत, दोन-तीन टक्क्यांपुढे गेलात की त्रास सुरू.

पहिलं पाऊल रॅमचं. अनेक जुन्या पीसींमध्ये १६०० किंवा १८६६ ची डीडीआर३ रॅम वर्षानुवर्षं १३३३ वर धावत असते. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. प्रोसेसरमुळे अडणाऱ्या गेममध्ये एवढ्यानेही फरक पडतो. रॅमचा व्होल्टेज १.५ ठेवा, १.५७५ च्या वर नको.

मग सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर ४० (म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ) करा आणि व्होल्टेज स्वतः द्या, १.२५ पासून. ऑटोवर सोडलं तर बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ओततात. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली पडणारा व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मधल्या पातळीवर असू द्या. सर्वांत वरच्या पातळीवर लोड सुटताच व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळतो आणि तो मॉनिटरमध्ये दिसतही नाही. पॉवर लिमिट वाढवा, नाहीतर ताण आला की मल्टिप्लायर आपोआप खाली येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक पायरीवर प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी १५ मिनिटं चालवा, शेजारी तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. तापमान ८० अंशांच्या आत हवं. ९८ ला चिप स्वतःच वेग कमी करते, पण तिथवर जाऊच नका. पास झालं की मल्टिप्लायर एकने वाढवा. अडलं तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. निळ्या स्क्रीनवर १०१ हा कोड आला तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतोय. १२४ आला तर तोच पहिला संशयित, पण व्हीटीटीही (मेमरी कंट्रोलरचा व्होल्टेज) बघा. १ए आला तर रॅमकडे वळा.

सर्वसाधारण चिप १.२५ ते १.३ व्होल्टमध्ये ४.४ गाठते. त्यापुढे मात्र सौदा तोट्याचा होतो. विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३.५ वर १.२ व्होल्ट धरले, तर ४.४ वर १.३ देताना वेग २६ टक्के वाढतो आणि खप सुमारे ४७ टक्के. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी १.४ व्होल्ट देणं म्हणजे चिपचं आयुष्य विनाकारण खर्च करणं. रोजच्या वापराला १.३५ ही आमची वरची रेघ. बायोसमधला इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज हा पर्याय ४.५ च्या आत लागत नाही. ते चालू असलं की काही पीसी स्लीपमधून परतच येत नाहीत, म्हणून बंद ठेवा.

आकडा ठरला की स्थिर व्होल्टेजऐवजी ऑफसेट (चिपच्या मूळ व्होल्टेजमध्ये ठरावीक भर) वापरा आणि सीस्टेट, म्हणजे चिपच्या वीज वाचवणाऱ्या अवस्था, चालू ठेवा, म्हणजे पीसी रिकामा असताना व्होल्टेज खाली येतो. मग दोन तासांची चाचणी, त्यानंतर प्रत्यक्ष गेम. गेम नीट चालला तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA-Logger ची १९ क्रमांकाची नोंद शोधा. चिपने चूक केली आणि गुपचूप दुरुस्तही केली, असा तिचा अर्थ. नोंद दिसली तर ०.०१ व्होल्ट वाढवा.

काही गोष्टी कितीही वेग दिला तरी मिळणार नाहीत. एव्हीएक्स२ हा नव्या प्रोसेसरमधला सूचनासंच या चिपमध्ये नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ला अधिकृत आधार नाही. पीसीआय एक्सप्रेस २.० असल्यामुळे चारच लेन वापरणारं आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड इथे गुदमरतं. पूर्ण १६ लेनचं कार्ड घ्या.

हाताशी २६००के आणि पी६७ किंवा झेड बोर्ड असेल तर हे नक्की करा. मुद्दाम जुनं सामान जमवून करू नका. भावंड आय५-२५००के तेवढ्याच वेगाला जातो, पण त्याचे चारच थ्रेड आजच्या गेममध्ये पूर्ण भरून जातात आणि झटके राहतातच.

ही सगळी चाचणी थंडीत केली असेल तर उन्हाळ्यात पुन्हा करा. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते, आणि ७६ वर शांत असलेला पीसी ८६ वर जातो. तेव्हा मल्टिप्लायर दोनने उतरवा आणि व्होल्टेजही त्याबरोबर खाली आणा.