नवं इंजिन सुळसुळीत फिरलं, तिथेच फसलो

बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं टूलरूममध्ये आहे. बोअर, टेपर, फिट हे शब्द झोपेतही बडबडतो म्हणून घरी चेष्टा होते. तेव्हा पुढचं वाचून "याला एवढंही कळू नये?" असं तुमच्या मनात आलं तर संकोच नको. बायकोने ते आधीच विचारलंय, तेही पाहुण्यांसमोर.

भाचा कलाभवनात शिकतो. (टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली तरी जुने बडोदेकर कलाभवनच म्हणतात.) त्याच्या रिमोटवर उडणाऱ्या शिकाऊ (ट्रेनर) मॉडेल विमानाला .46 आकाराचं, म्हणजे साधारण साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने पेटणारं) हवं होतं. आजकालची मुलं बॅटरी आणि मोटार लावून मोकळी होतात; इंजिनाचा हट्ट माझाच. जाहिरात दिसली: जपानी बनावट, "न वापरलेलं, खोक्यासकट", 9,800 रुपये. विक्रेता बाहेरगावचा, पण मराठी. पहिल्याच फोनला "काका, आपल्या माणसाला वाईट माल देईन का?" दिवसभर गुजरातीत व्यवहार करून दांडिया बाजारातल्या घरी परतणारा माणूस मराठीत कुणी काका म्हटलं की विरघळतो. मी विरघळलो. पैसे यूपीआयने आगाऊ.

खोका आला. खोका खरंच नवा होता. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, लावून हाताने फिरवलं तर इंजिन कुठेही न अडता गरगर फिरलं. त्याला फोन केला, तर म्हणाला, "बघा काका, जपानी फिनिश!" आणि मी मान डोलावली.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. या जातीच्या इंजिनात अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम केलेला पितळी लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) असतो, रिंग नसते. लायनर वरच्या टोकाला काही मायक्रॉनने अरुंद ठेवतात, हाच टेपर. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि मग फिट नेमका बसतो. म्हणून थंड असताना पिस्टन वर पोचला की तो आवळला जातो, प्रॉप अडतो, कधी बारीक 'कुंई' असा आवाजही येतो. नवखा माणूस घाबरून इंजिन जाम आहे म्हणून परत पाठवतो. उलट असं अडणारं इंजिनच नवं. जे अडत नाही, त्याचा वरचा टेपर घासून गेलेला असतो.

टेपर शॅंक, म्हणजे निमुळत्या दांड्याची हत्यारं, मी रोज हाताळतो. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग विक्रेत्याने रनिंग-इनची, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवण्याची, पद्धत लिहून पाठवली. निडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) तीन आटे उघडी, मिश्रण पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्त, अशा आठ टाक्या चालवायच्या, त्याआधी इंजिनाबद्दल मत बनवायचं नाही. "घाई केलीत तर पिस्टन जाईल, मग माझी जबाबदारी नाही." ऐकायला किती काळजीचं! माल परत घेण्याची मुदत त्याने 10 दिवसांची दिली होती. आमच्या वाड्यात हे इंजिन चालवलं तर शेजारी घर सोडतील, म्हणून दर रविवारी अजवा रोडच्या पुढे एका ओळखीच्या शेतात स्टँड नेऊन चालवायचो. आठ टाक्यांना तीन रविवार लागले. मुदत दुसऱ्या रविवारच्या आधीच उलटली होती.

आणि ती पद्धतही या इंजिनाची नव्हे. ढीगभर रिच, थंडगार, घुरघुरत तासन्‌तास चालवणं रिंगवाल्या इंजिनाला ठीक. रिंग नसलेल्याला दोन-तीन मिनिटांच्या फेऱ्या द्यायच्या, मधूनमधून निडल आवळून आवाज फोर-स्ट्रोकसारख्या घुरघुरीतून स्वच्छ टू-स्ट्रोकवर येऊ द्यायचा, म्हणजे तापून टेपर उघडतो. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. हे मला नंतर कळलं.

इंधनाची वेगळीच गंमत. ते मुख्यतः मिथेनॉलचं, आणि गुजरातेत मिथेनॉल म्हटलं की लोकांना लठ्ठा, म्हणजे विषारी दारू, आठवतो. 2022 च्या जुलैत बोटादकडे चाळीसहून जास्त माणसं त्यापायीच गेली. सुटं मिथेनॉल कोण देणार आणि मी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? म्हणून तयार इंधनही त्याच्याकडूनच घेतलं, लक्झरी बसच्या डिकीतून आलेलं. तेही चूकच. ज्वालाग्राही कॅन प्रवाशांखाली ठेवून आणवला याची लाज वाटते.

इंजिन थंड असताना झटक्यात सुरू व्हायचं, टॅकोमीटरवर मिनिटाला 10,000 फेऱ्यांच्या पुढे जायचं आणि तापलं की उतरायला लागायचं. 9,000. 8,500. मग बंद. गरम असताना परत सुरू करायचं म्हणजे घाम. प्रॉप पालथा मारला तर कॉम्प्रेशन हाताला लागतच नव्हतं, पंधरा मिनिटांनी गार झालं की पुन्हा थोडं जाणवायचं. फोन केला. "प्लग बदला काका." त्याच्याचकडून 450 चे तीन प्लग. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेमुळे स्वतःच तापत राहते, म्हणून दीड व्होल्टची बॅटरी काढली तरी इंजिन चालतं; तार खराब असेल तर तेही बंद पडू शकतं, म्हणजे सल्ला अगदीच खोटा नव्हता. नंतर "इंधनात ओल धरली असेल", आणखी एक कॅन. मिथेनॉल ओल धरतं, हेही खरं. प्रत्येक वेळी खऱ्यातलाच एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं बिल. शेवटी म्हणाला, "तुम्ही लीन, म्हणजे इंधन कमी देऊन, चालवलंत. पिस्टन तुम्हीच घालवलात." झालं.

त्या सोमवारी इंजिन डब्यात घालून कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत बॅकप्लेट आणि हेड उघडलं. आमच्या इन्स्पेक्शनच्या भाईंनी बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) घातला, वर, मध्ये, खाली, आणि डब्याकडेच बघत म्हणाले, "साहेब, आ तो वपरायेलुं छे." वर-खाली माप जवळजवळ एकच. लायनरच्या वरच्या पट्ट्यात क्रोम घासून उभे चरे पडलेले. पिस्टनच्या बाजूला, बाहेरून घासताना जिथे कापड पोचलं नाही तिथे, करपलेल्या गुळासारखा तांबूस थर. तो एरंडेलाचा, असल्या इंधनात वंगण म्हणून घालतात त्याचा. मला दिलेल्या इंधनाच्या कॅनवर "पूर्ण सिंथेटिक तेल" असं छापलं होतं. एरंडेलाचा गड गुजरात, पण माझ्या हातून त्या इंजिनात त्याचा थेंबही गेला नव्हता. हेडच्या दोन स्क्रूंची तोंडंही गोल झालेली. वरून काळा मार्कर फिरवला होता, अंगठ्याने घासला तर निघाला.

हे सगळं पहिल्या संध्याकाळी, इंधनाचा थेंब न घालता, आमच्या ओट्यावर दिसलं असतं. प्रॉप फिरवायचा, प्लग काढून टॉर्चने आत बघायचं, मफलर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची बाजू बघायची, स्क्रूंची तोंडं बघायची. दहा मिनिटं. खोका उघडल्यापासूनचा व्हिडिओ काढला असता तर आणखी बरं. एकदा इंजिन चाललं की खापर तुमच्याच डोक्यावर.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, बोअरची मापं आणि फोटो जोडले. आठवड्याभरात त्याचा फोन आला, या वेळी "काका" नव्हतं. 3,000 परत देतो, तक्रार मागे घ्या आणि इंजिन पाठवून द्या, म्हणाला. पैसे मी घेतले नाहीत, तक्रार चालू आहे. इंजिन परत कशाला हवंय, हे त्याला विचारलं, तर लाइन कट.

तेव्हा त्याच संध्याकाळी फोटो पुन्हा एकदा नीट काढून घेतले आणि टूलरूममधला नंबर पंचांचा संच मागून क्रँककेसच्या डाव्या अंगाला, जिथे मार्कर पुरणार नाही इतकं खोल, चालू वर्षाचे चारही आकडे ठोकले. भाचा म्हणाला, "मामा, किंमत गेली की त्याची." म्हटलं, ती कधीच गेली होती, आता ते वरून दिसतंय एवढंच.