प्रात वापरून स्पॅनिशचे जोडस्वर घोटले, काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, प्रात हे स्पॅनिश शिकवणारं अ‍ॅप नाहीये. अ‍ॅमस्टरडॅम युनिव्हर्सिटीच्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, भाषाशास्त्रवाले आवाज मोजायला वापरतात. दिसायला एकदम जुनाट, सुरू केलं की दोन खिडक्या उघडतात, त्यातली पिक्चर नावाची सरळ बंद करून टाका, या कामाला ती लागत नाही.

माझे कॉल मेक्सिकोच्या क्लायंटशी असतात. व्याकरण बरं आहे, पण दोन स्वर शेजारी आले की पलीकडून "कोमो?" (काय म्हणालात?) यायचंच. आधी एक पेड अ‍ॅप घेतलं होतं (नाव नाही घेत), त्यात माइकमध्ये काहीही बोला, हिरवी टिक ठरलेली. ओई, म्हणजे "मी ऐकलं", हे बोलायला सांगितलं आणि मी मुद्दाम ओय, म्हणजे "आज", म्हटलं तरी टिक! सबस्क्रिप्शन बंद केलं.

आता मुद्द्याचं. मराठी माणसाला यातलं अर्धं काम आयतं मिळतं असं माझं मत झालंय. आघात नसलेला इ किंवा उ आधी आणि आ-ए-ओ नंतर आला की ते सरळ आपलं जोडाक्षरच, ब्येन, प्वेर्ता, आग्वा, फामील्या. ग्रासियास असं तीन तुकड्यांत नाही, ग्रास्यास, दोनच. वहीत देवनागरीत लिहून ठेवलं की जीभ आपोआप बसते, त्यासाठी कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही.

इ-उ नंतर आला की थोडं लक्ष द्यावं लागतं. एउरोचं तोंडातून युरो होतं कारण इंग्रजीची सवय, तिथे देऊळमधला एऊ आठवायचा आणि जरा घाईत म्हणायचा. आणि पेइनेमधला इ खाऊ नका, कंगवा मागायला जाल आणि भलतंच काहीतरी मागून बसाल, डिक्शनरीत बघा म्हणजे कळेल.

खरी गोची इआतोची, म्हणजे दोन स्वर शेजारी पण सिलॅबल वेगळे. ते-आ-त्रो, पो-ए-ता, मु-से-ओ. आपली जीभ मध्ये हळूच य घुसवते, तेयात्रो, मुसेयो, आणि आपल्या कानाला तो य ऐकूच येत नाही. इथे प्रातने पैसे वसूल करून दिले (फुकट आहे तरी).

करायचं एवढंच की फोर्व्होवर (लोकांनी आपापल्या भाषेतले शब्द उच्चारून ठेवलेली साइट) लॉगिन करून मेक्सिकोच्या माणसाचं रेकॉर्डिंग उतरवायचं, ते प्रातमध्ये उघडायचं, शेजारी आपलं रेकॉर्डिंग. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या करड्या चित्रावर, लाल ठिपक्यांच्या रांगा दिसतात त्या फॉर्मंट, म्हणजे स्वर कुठला ते ठरवणारे आवाजातले ठळक पट्टे, त्यातली खालून दुसरी रांग बघायची. ओयमध्ये ती हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन एका दमात दोन हजारकडे चढत जाते, मध्ये कुठे थांबत नाही. ओईमध्ये आधी 'ओ'वर थोडी सपाट टेकते, मग पटकन वर जाऊन ईवर पुन्हा टेकते, आणि पिचची (सुराच्या उंचीची) निळी रेघसुद्धा ईवरच उचलते. तेआत्रोमध्ये रांग 'ए'वरून 'आ'कडे सरळ उतरायला हवी, य घुसला असेल तर उतरण्याआधी वर एक उसळी दिसते. ती उसळी एकदा डोळ्यांनी बघितली की मग कानालाही हळूहळू ऐकू यायला लागते, मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटला. लेय (कायदा) आणि लेई (मी वाचलं), आस्या (कडे) आणि आसीआ (करत होतो) या जोड्याही अशाच घासल्या.

एक सेटिंग मात्र बदला, फॉर्मंटची कमाल मर्यादा मुळात ५५०० हर्ट्झ असते, ती बायकांच्या आवाजासाठी ठीक आहे, पुरुषाचा आवाज असेल तर ५००० करा नाहीतर ठिपके कुठेही भरकटतात. आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद.

कमी कुठे पडतं? वाक्यात. "वा आ आब्लार" (तो बोलणार आहे) म्हणायला गेलं की तिन्ही आ एकात विरघळतात, "मी एर्मानो"चं (माझा भाऊ) म्येर्मानो होतं, आणि वेगाने बोललेल्या वाक्यात ठिपक्यांवरून काय सुटलं काय जुळलं हे मला तरी धड वाचता आलं नाही. त्यासाठी यूग्लिशवर (यूट्यूबच्या व्हिडिओंमधून हवा तो शब्द शोधून देणारी साइट) तोच तुकडा वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकणं जास्त कामाचं, व्हिडिओचा वेग कमी करून.

शिवाय रेकॉर्डिंग एकाच देशातली घ्या. गिओन (स्क्रिप्ट) हा शब्द स्पेनमध्ये बरेच लोक गि-ओन असा तोडतात, मेक्सिकोत एकाच झटक्यात ग्योन. रेआल आकादेमियाने (स्पॅनिशचे नियम ठरवणारी स्पेनमधली संस्था) २०१० च्या ऑर्तोग्राफियात, म्हणजे शुद्धलेखनाच्या पुस्तकात, त्यावरचं आघातचिन्ह काढून टाकलं, पण बोलणारे आपापल्या पद्धतीनेच बोलतात. आणि मेक्सिकोत साध्या गप्पांमध्ये खुद्द तिथलीच माणसं तेआत्रोला त्यात्रो, पेलेआरला (भांडणं) पेल्यार म्हणतात! तेव्हा क्लायंटने त्यात्रो म्हटलं तर लगेच आपण म्हणायला जाऊ नका, आधी ते-आ-त्रो नीट बसू द्या.