वॉटर-फेड ब्रश घेताना केसांच्या आधी जेट बघा: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

वॉटर-फेड ब्रश म्हणजे लांब पोलच्या टोकाला बसणारा काच धुण्याचा ब्रश; नळीतून आलेलं पाणी त्याच्यातल्या बारीक तोट्यांतून, म्हणजे जेटमधून, काचेवर पडतं. माझा १४ इंची ब्रश, केस अजून सरळ, केस रोवलेल्या ठोकळ्याला तडा नाही, पोल बसतो ते सॉकेट घट्ट. तरीही ब्रश बाद. का, तर दोनपैकी एक जेट बुजला आणि तो ठोकळ्यात चिकटवून बसवलेला आहे. विक्रेत्याकडे जेट मागितला तर उत्तर आलं, "सुटा येत नाही, नवीन ब्रश घ्या." वॉरंटी विचारली तर ब्रश म्हणे कन्झ्युमेबल आहे, म्हणजे वापरून संपणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. कन्झ्युमेबल केस असतात, मान्य. पण चण्याफुटाण्याच्या भावाच्या प्लॅस्टिकच्या नळीपायी काही हजारांचा ब्रश भंगारात टाका म्हणणं मला पटत नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय.

पोल, शुद्ध पाण्याची टाकी, डीआय रेझिन (पाण्यातले उरलेसुरले क्षार शोषून घेणारे बारीक मणी) या गोष्टी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेत असं धरून चालतो. वापर पुणे आणि नवी मुंबईतल्या ऑफिसच्या काचा, शोरूम, सोसायट्यांची क्लबहाउस अशा ठिकाणी, जमिनीवर उभं राहून चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत. त्याच्या वर पाळणा किंवा दोरावरचं काम, तिथे हा ब्रश नाही. तीन प्रकार आलटून पालटून वापरले: साध्या टोकांचं नायलॉन, टोकं फुलवलेलं नायलॉन, आणि आत डुकराचे केस व कडेने नायलॉन असलेला हायब्रिड. बाद झालेला ब्रश फुलवलेल्या टोकांचा.

जेटचा हिशोब आधी, कारण तो कुठलाच विक्रेता सांगत नाही. पाठीवरच्या टाकीचा किंवा ट्रॉलीचा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप कामाच्या वेगाला मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी देतो असं धरा. २ मिमीचे दोन जेट असतील तर दोन्ही छिद्रांचं मिळून क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मिमी, आणि पाणी सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने बाहेर पडतं. ही धार काचेवर आपटते आणि केसांनी सुटलेला मळ ढकलून खाली नेते. त्याच ठोकळ्यात २ मिमीचेच चार जेट बसवले की वेग थेट निम्मा. पाणी मग नुसतं ओघळतं. कॅटलॉगमध्ये 'चार जेट' वाचून ब्रश घ्यायचा असेल तर ते १.४ मिमीचे आहेत ना, हे विचारा. १.४ चे चार आणि २ चे दोन यांचं एकूण क्षेत्रफळ जवळपास सारखंच येतं, म्हणजे धारेचा जोर टिकतो आणि पाणी रुंदीभर पडतं.

उंचीचाही हिशोब धरा. दर १० मीटरला पंपाचा जवळजवळ १ बार दाब नुसतं पाणी वर चढवण्यात जातो, शिवाय बारीक नळीतलं घर्षण वेगळं. खाली ब्रश हातात धरून धार बघितली आणि खूश झालात, तर पाचव्या मजल्यावर तीच धार अर्धमेली दिसेल. ट्रायल घेताना पोल पूर्ण उघडूनच घ्या.

पेन्सिल जेट (एकच सरळ धार) की फॅन जेट (पंख्यासारखी पसरणारी धार), हा वाद काचेवर सोडवायचा. काचेवर थोडं पाणी मारा. ते पसरून एकसंध चादर झाली तर पेन्सिल जेट पुरेत, ब्रश काचेवर टेकवूनच धुवून घेता येतं. पाणी थेंब धरून सुटं सुटं राहत असेल तर फॅन जेट बरे. ब्रश काचेपासून चारेक बोटं उचलून वरून खाली रुंद पडदा सोडायचा. पाणी झटकणारं कोटिंग असलेल्या काचा थेंब धरणाऱ्या असतात. फॅनचे दोन तोटे मात्र पक्के. दाब कमी पडला की पंखा मिटतो आणि मधेच एक वेडीवाकडी धार उरते. आणि वाऱ्यात पाणी काचेऐवजी शेजारच्या गाडीवर जातं. ठोकळ्यात दोन्ही प्रकार बदलून बसवता यायला हवेत, आणि इथेच चिकटवलेला जेट तुमचे हात बांधतो.

आता बुजण्याची कारणं. शुद्ध पाण्यात क्षार नसतात, मग जेट बुजेल कशाने, असं विक्रेत्याने मला ऐकवलं. तर ऐका. नळीच्या जोडावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या. नळी बोथट कटरने कापली तर आतून सुटणारे किस. डीआय सिलिंडरची जाळी फाटली तर रेझिनचे मणी; हे साधारण ०.३ ते १.२ मिमीचे असतात, म्हणजे २ मिमीच्या गोल छिद्रातून निसटतात पण फॅन जेटच्या चिरेत नेमके अडकतात. आणि सर्वांत दुर्लक्षित कारण, शेवाळ. आरओ-डीआयच्या, म्हणजे आधी आरओ आणि मग डीआय रेझिनमधून काढलेल्या, पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे पारदर्शक टाकी उन्हात ठेवली की ती हिरवी व्हायला वेळ लागत नाही. काळी टाकी घ्या, आणि पंपानंतर बारीक जाळीचा इनलाइन फिल्टर लावा. जाता जाता: शेतातल्या बॅटरी फवारणी यंत्रातला डायफ्रॅम पंप याच जातीचा असतो आणि स्वस्तात मिळतो, पंप नवा असेल तर वापरा, पण औषध फवारलेलं यंत्र किंवा टाकी धुऊनसुद्धा वापरू नका.

क्षारही येतात, पण आपल्या हाताने. पहिली ढोबळ धुलाई टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने उरकायची आणि शेवटचं पाणी फक्त शुद्ध, अशी काटकसर बरेच जण करतात. वाघोली, हिंजवडीकडे टँकर-बोअरचं जड पाणी आलं की ब्रश तसाच वाळतो आणि जेटच्या तोंडाशी पांढरं कडं धरतं. लिंबूसताचा एक चहाचा चमचा अर्धा लिटर कोमट पाण्यात, त्यात ब्रशचं तोंड वीसेक मिनिटं, मग शुद्ध पाण्याने भरपूर धुणं, हा उपाय चालतो. नीट धुतलं नाही तर लिंबूसतच काचेवर डाग पाडतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) टाकीत नाही, ब्रशमधून पडणाऱ्या पाण्यात बुडवा. तिथे १० च्या वर आकडा दिसला तर डाग पडणारच.

एक जेट अर्धवट बुजलाय हे ओळखायचं कसं? काच वाळल्यावर ब्रशच्या एका बाजूच्या रुंदीएवढा फिकट उभा पट्टा दिसतो. पुढच्या काचेवर ब्रश अर्ध्या रुंदीने सरकवून चालवा. पट्टा ब्रशबरोबर सरकला तर दोष जेटचा. काचेवर त्याच जागी राहिला तर वरच्या चौकटीतून किंवा जुन्या रबरातून घाण ओघळतेय. स्लायडिंग खिडक्यांच्या वरच्या ट्रॅकमधून तर काच धुऊन झाल्यावरही काळं पाणी झिरपत राहतं. म्हणून आधी सगळ्या चौकटी, मग थोडं थांबून काचा, हा क्रम सोडू नका. जेटला शिव्या देण्याआधी एवढी खातरजमा कराच.

जेट बुजलाच तर बाहेरून सुई घालणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि तोच फसवा. कचरा आत ढकलला जातो, नळीत फिरत राहतो आणि पुढच्या पाळीला परत येऊन बसतो. जेट बाहेर काढून तोंडाकडून उलटं पाणी मारलं तरच तो कायमचा निघतो. बाद ब्रशमध्ये जेटही चिकटवलेला आणि मागची टी-जोडणीही. ड्रिलने जेट काढून नवा बसवता येतो, पण ठोकळा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर त्याला फेविक्विक किंवा अरल्डाइट नीट धरत नाही. दाब आला की जेट उडतो. चांगल्या ब्रशांत जेट दाबून किंवा आट्यांवर बसतो, मागची नळी हाताने सुटते. दुकानात नळी ओढून, जेट काढून दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर ब्रश ठेवून परत या.

केसांबद्दल माझं मत वर्षभरात बदललं. दिवाळीच्या हंगामात हायब्रिडला मी वरचा नंबर देत होतो. वाळलेली कबुतराची विष्ठा, कोळ्याची जाळी, कारंज्याच्या शिंतोड्यांनी धरलेला चिकटा, हे सगळं डुकराचे केस फार लवकर सोडवतात, कारण ते पाणी धरून ठेवतात आणि घासणीला पकड देतात. नवा असताना त्यांत तेलकटपणा असतो. भांड्याच्या साबणाने दोन-तीनदा धुतल्याशिवाय काचेवर नेलात तर ओरखड्यासारखे तेलकट माग उठतात. एवढं केलं की काम उत्तम.

पावसाळा आला आणि गणित फिरलं. केस वाळेनात, दोन कामांमध्ये ब्रशला कुबट वास यायला लागला, मुळाशी काळी बुरशी दिसली. केस झिजतातही भराभर. नायलॉन अजून नवं वाटतं तेव्हा मधल्या केसांची उंची कमी झालेली असते आणि मग मधला भाग काचेला टेकतच नाही. शिवाय भिजलेल्या केसांचं वजन. १२ मीटर पोलच्या टोकावर दोन-तीनशे ग्रॅम जास्त म्हणजे संध्याकाळी खांद्याला कळतं. दुकानातलं कोरडं वजन धरू नका; ब्रश बादलीत बुडवून, दोनदा झटकून मग काट्यावर ठेवा. एक गोष्ट माणसांची: काही कामगारांना डुकराच्या केसांचा ब्रश हातात धरायचा नसतो. आधी विचारा आणि त्यांना दुसरा ब्रश द्या.

आता पहिला नंबर साध्या टोकांच्या नायलॉनला. नेहमीच्या महिन्या-दोन महिन्यांच्या सफाईला तो काचेवर सरसर चालतो, घाण अडकवून ठेवत नाही, झटकला की मोकळा. फुलवलेली टोकं मऊ असतात, पाणी जास्त धरतात, कोटिंग बाहेरच्या बाजूला असलेल्या काचेवर आणि सोलर पॅनेलवर तीच बरी. पण कोरड्या हंगामात मातीचे कण त्या फाटलेल्या टोकांत बसून राहतात. घासायला लागण्याआधी नुसत्या पाण्याने काच आणि ब्रश दोन्ही धुवा. हायब्रिड मी ठेवलाय, पण फक्त पहिल्या धुलाईसाठी, आणि पावसाळ्यात तो पिशवीतून बाहेर काढत नाही. नव्या बांधकामावरच्या सिमेंटच्या आणि सिलिकॉनच्या डागांवर मात्र कुठलाही ब्रश रगडू नका. ते काम जवळून, ओल्या काचेवर स्क्रेपरने करायचं, आणि टफन काच असेल तर आधी कोपऱ्यात तपासून.

नायलॉनचे केस फाकतात ते मुख्यतः ठेवण्यामुळे. ब्रश केसांवर उभा करून उन्हातल्या टेम्पोत सोडला की बाक कायमचा. थोडेच फाकले असतील तर हाताला जेमतेम सोसेल त्याहून थोड्या गरम पाण्यात केसांचीच टोकं चार-पाच मिनिटं बुडवा, मोठ्या दातांच्या कंगव्याने सरळ करा, लगेच गार पाण्यात. बऱ्यापैकी परत येतात.

रुंदीबद्दल थोडक्यात: इमारतीच्या मोठ्या दर्शनी काचेला १६ किंवा १८ इंच मोहात पाडतो, पण पोल वाकतो आणि वाऱ्यात ब्रश पाल्यासारखा हलतो. १४ इंच पुरे. घरांच्या ग्रिलच्या खिडक्यांत १४ काय, १० इंचीही आत शिरत नाही. तिथे आतून हाताने पुसणं आणि बाहेरून नुसतं धुणं यावर गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घ्या. पोल कार्बनचा असेल तर तो वीज वाहतो. वरच्या तारा बघितल्याशिवाय एकही टप्पा उघडू नका.

पोलला ब्रश जोडायच्या आट्यांचा घोळ वेगळाच. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच ब्रशांना युरो थ्रेड, म्हणजे युरोपीय मापाचा आटा, असतो. स्थानिक पोलचा आटा दिसायला तसाच, पण दोन फेऱ्यांत अडकतो. जबरदस्तीने फिरवलात तर सॉकेट चिरतं आणि वर ब्रश स्वतःभोवती फिरायला लागतो. पोलचं टोक सोबत घेऊनच दुकानात जा.

नवा ब्रश आता दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलाय, साध्या नायलॉनचा, जेट आट्यांवरचे. त्याच बिलावर २ मिमीचे चार आणि १.४ मिमीचे चार सुटे जेट लिहून घेतले. जुन्या विक्रेत्याला लेखी विचारलंय की चिकटवलेल्या जेटचा ब्रश 'सर्व्हिसेबल', म्हणजे दुरुस्त होणारा, म्हणून का विकला. उत्तर आलं की इथेच खाली जोडेन.