चांदण्यांचा तक्ता आणि वाळूची घड्याळं : हेकट मुलाच्या घरात काय टिकतं?

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास सांगलीत हरभट रोडच्या स्टेशनरी दुकानांत वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी हल्ली दोन वस्तू मिळतात. एक, चांगलं वागल्याबद्दल चुंबकाच्या चांदण्या लावायचा तक्ता. दुसरी, रंगीत वाळूच्या घड्याळांचा संच. तीन ते आठ वर्षांच्या, स्वतःचंच खरं करणाऱ्या मुलासाठी पालक दोन्ही उचलतात. घड्याळं जरूर घ्यावीत. तक्ता मात्र छापून आलाय तसाच भिंतीवर टांगला, तर महिनाभरात कपाटामागे जातो. त्याची आधी डागडुजी करावी लागते.

घड्याळ का कामी येतं, याचं कारण मुलाच्या स्वभावात आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अनेक वर्षं मुलांच्या उपजत स्वभावांचा अभ्यास केला. साधारण दहातलं एक मूल त्यांना असं आढळलं, की ज्याच्या भावना तीव्र असतात आणि बदलाशी जुळवून घ्यायला ज्याला वेळ लागतो. अशा मुलाच्या घरातली भांडणं बहुतेक वेळा एक काम सोडून दुसऱ्याकडे वळतानाच होतात. खेळ सोडून आंघोळीला, टीव्ही सोडून जेवायला, बागेतून घरी. ‘चल, ऊठ’ हा हुकूम आईकडून आला की मुलाला आईशी झुंजता येतं. वाळूशी झुंजता येत नाही, आणि वाळू किती उरलीय हे घड्याळ न वाचता येणाऱ्या मुलालाही दिसतं. मोबाइलचा टायमर इथे कुचकामी, कारण मोबाइल हाच अर्ध्या भांडणांचा विषय असतो.

संचात अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतची घड्याळं असतात. रोज कामाला येतात ती तीन आणि पाच मिनिटांची. दुकानातच मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन्ही बाजूंनी मोजून घ्या. स्वस्त संचांत तीन मिनिटांचं घड्याळ एका बाजूनं अडीच आणि उलट केल्यावर सव्वातीनही भरतं. थोडा फरक चालतो, पण दोन बाजूंत मोठा फरक असेल तर चाणाक्ष मूल आठवड्यात हेरतं आणि मग घड्याळावरचा विश्वास उडतो. वाळू मधेच अडते का, तेही पाहा. नळी काचेची असेल तर बाहेरचं प्लास्टिकचं आवरण घट्ट बसलेलं हवं. चिडलेल्या मुलाच्या हातून ते भिंतीवर जाणारच, हे धरून चाला. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर घड्याळ उंच फळीवर.

वापरताना घड्याळ उलटं करायचं काम मुलाचं. ‘पाच मिनिटांनी आंघोळ. घड्याळ तू फिरवतोस की मी?’ एवढंच विचारायचं. दोन्ही उत्तरांत आंघोळ आहेच. घड्याळ फिरवायचा मान मात्र त्याचा. नंतर ते मुलाच्या हातात न देता नजरेच्या टप्प्यात पण हाताबाहेर ठेवायचं, नाहीतर ते आडवं पडतं आणि वाळू थांबते. वाळू संपल्यावर एक अक्षरही जास्त बोलायचं नाही. शेजारी जाऊन हात पुढे करायचा. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. वाळू संपते आणि आई म्हणते, ‘बरं, हा डाव पुरा कर.’ दोनदा असं झालं की पाच मिनिटांचं घड्याळ दहाचं होतं. डाव पुरा होऊ द्यायचा असेल तर आधीच दहाचं लावा.

लाल चकती हळूहळू आक्रसत जाणारं तासाभराचं घड्याळही मिळतं. त्या जातीचं टाइम टायमर हे अमेरिकेतल्या जॅन रॉजर्स या आईनं आपल्या लहान मुलीसाठी बनवलं होतं. वस्तू उत्तम, पण वाळूच्या संचाहून बरीच महाग. अभ्यासाच्या वयाला घ्यावी.

आता तक्ता. पहिला दोष त्यावर छापलेल्या वाक्यांत आहे. ‘शहाण्यासारखं वागलो’, ‘हट्ट केला नाही’ हे कोण ठरवणार? संध्याकाळी त्यावरूनच नवा वाद. ती वाक्यं कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाका आणि डोळ्यांना दिसेल असंच काम लिहा: ‘रात्री दप्तर भरलं’, ‘रिक्षा यायच्या आधी बूट घातले’, ‘जेवून ताट मोरीत ठेवलं’. तीनच कामं. तक्त्यावर दहा-बारा रकाने असतात म्हणून ते भरायला जाऊ नका. तीनपैकी एक काम असं हवं जे मूल आजही बहुतेक वेळा करतं, म्हणजे पहिल्याच दिवशी चांदणी लागेल. कामांचा क्रम मुलानं ठरवायचा आणि चांदणी त्यानंच लावायची, तीही काम झाल्याबरोबर. रात्री झोपताना एकदम हिशेब मांडला तर या वयात त्याचा काम केल्याशी संबंध लागत नाही.

दुसरा दोष म्हणजे काही संचांत येणारी लाल फुली किंवा रडका चेहरा. तो सरळ फेकून द्या. लावलेली चांदणी कधीही काढायची नाही, दुपारी कितीही भोकाड पसरलं तरी. कमावलेलं हिसकावलं की हेकट मूल सगळा तक्ताच ओरबाडून काढतं, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं चुकत नाही.

पहिल्या आठवड्यात, रोज तीन याप्रमाणे होणाऱ्या एकवीसपैकी दहा चांदण्यांना बक्षीस, पुढे बारा, मग पंधरा. एकवीस कधीच मागू नका; एक दिवस हुकला की सगळं संपलं असं वाटून मूल सोडून देतं. चॉकलेट, पैसे नकोत. या मुलांना सत्ता हवी असते, तीच मोजून द्या: रविवारी कृष्णेच्या घाटावर अर्धा तास, काय करायचं ते त्यानं ठरवायचं, किंवा रविवारच्या नाश्त्याला भडंग की पोहे, हा निर्णय त्याचा.

मूल जे काम आपणहून आनंदानं करतं ते तक्त्यावर घेऊ नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. म्हणून गोष्ट ऐकणं, झाडांना पाणी घालणं तक्त्याबाहेर. आणि बूट-दप्तर अंगवळणी पडलं की महिना-दीड महिन्यानं तेही एकेक करून उतरवायचं.

खोक्यावर एक गोष्ट कुणी छापत नाही. हट्टाला मिळणारा होकार थांबवला की रडणं आधी वाढतं, काही दिवस चांगलंच वाढतं. पूर्वी ज्यानं काम व्हायचं, मूल तेच जास्त जोरात करून बघतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजोबांना राहवलं नाही आणि त्यांनी मोबाइल हातात दिला, की मूल एवढंच शिकतं की चौथ्या दिवसापर्यंत रडायचं. म्हणून तक्ता टांगण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून कशाला ‘नाही’ म्हणायचं ते ठरवावं. आजी-आजोबांचे लाड बंद करायची गरज नाही; त्यांच्यासाठी रडण्याशी संबंध नसलेली वेळ ठेवा.

चुंबकांबद्दल कळकळीनं: चांदणीमागचं चुंबक सुटं होतंय का, नखानं ओढून बघा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या वेढ्यांना चिमटा बसून भोक पडू शकतं. गिळल्याची शंका जरी आली तरी ताबडतोब दवाखाना. लहान भावंड असेल तर चुंबकाचा तक्ता घेऊच नका; अर्धं कार्डशीट, स्केचपेन आणि चिकटवायच्या चांदण्यांचं पाकीट पुरतं.

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा घरी आणि शाळेतही सहा-सहा महिने रोजची भांडणं चालली असतील, तर यातलं काहीच विकत घेऊ नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. बाकीच्यांनी या आठवड्यात फक्त वाळूचा संच आणावा. तक्ता पंधरा दिवसांनी, घड्याळ घरात रुळल्यावर.